रिकाम्या चिमटीत काय होतं?

प्रिय खारू,

तू परत गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी खरंच काही पाहिलं, की नुसतं मला तसं वाटलं, हेच ठरत नाही. एरवी मी असा घोळ घालणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून आधी घरचं लिहिते, मग मुद्द्यावर येते.

बाबा बरे आहेत. गोळ्या वेळेवर घेतात, म्हणजे मी घ्यायला लावते. दुकानात रोज जातात, पण गल्ल्यावर बसत नाहीत. दारापाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटचे सल्ले देतात. उजवा हात मांडीवर, आणि अंगठा तर्जनीवर फिरतोय. काल एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, काय तपासताय?" तर म्हणाले, "हवा. आज जरा विरळ आहे." सगळं दुकान हसलं. मीही हसले, आणि मग आत जाऊन नीट रचलेले तागे उगाच पुन्हा रचले.

तुला माहीत असलेलंच लिहिते आहे, पण लिहिलं की मला जरा सरळ दिसतं. कापड चिमटीत धरून पोत ओळखणं हे यांचं आयुष्यभराचं काम. डोळे मिटून सांगायचे, हे धुतल्यावर आटेल, याचा रंग जाईल. त्यामुळे रिकामी चिमूटही फिरायला लागली, तेव्हा आपल्या घरात ते सवय म्हणून खपून गेलं. एखाद्या शिक्षकाच्या घरात लगेच ध्यानात आलं असतं. मी तर जेवायला बसताना म्हणायचे, "दुकान बंद झालं, आता बोटांनाही सुट्टी द्या." ते म्हणायचे, "मी कुठे काय करतोय?" मला वाटायचं, थट्टा करतायत. ते खरं सांगत होते.

कळलं तेही उलट्या बाजूने. एकदा ताग्याचं टोक मी त्यांच्या हातात दिलं आणि बोटं गप्प झाली. काढून घेतलं, की सुरू. परत दिलं, की थांबली. सवय असती तर कापड आल्यावर बोटं चालली असती ना? डॉक्टर म्हणाले, हा कंपवात; हात मोकळा आणि मन दुसरीकडे, की हे होतं. करणाऱ्याला पत्ता नसतो.

आता मुद्दा. रविवारी टेबलाशी तू तुझ्या दवाखान्यातल्या त्या पेशंटची नक्कल करत होतीस, दाढ काढायच्या आधीच जो घाबरून तुझ्या मदतनीस बाईंच्या गळ्यात पडला. बाबा डोळे पुसत हसत होते. तुझा डावा हात मांडीवर होता, आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता. मी बघते आहे हे तुला दिसलं आणि तू हात मांडीखाली सरकवलास. नंतर पाण्याचा जग धरायलाही तो बाहेर काढला नाहीस. तू दुकानात एक दिवस बसलेली नाहीस. "मी चिंध्या चोळणार नाही" म्हणून दातांची डॉक्टर झालीस. मग ही चिमूट आली कुठून? मुली बापाची चाल उचलतात, खोकणंसुद्धा उचलतात, तसं असेल? की मीच आता सगळ्यांचे हात बघत फिरते? परवा टपालवाल्याचेही बघितले, बिचारा बावरला. पण नुसती लकब असती, तर तू लपवली का असतीस? दिवसभर लोकांच्या तोंडात सुया आणि चिमटे धरतेस. तेव्हा बोटं गप्प राहत असतील, म्हणून तूही गप्प आहेस का? बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तुला दटावावं की जवळ घ्यावं, हेही मला सुचत नाही. पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. तू म्हणशील, "काही नाही गं आई," आणि फोनवर मला हात दिसत नाहीत. तू ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई