मधला बोल्ट

अमरावती, ३ जानेवारी १९७७

तीर्थरूप बाबांस कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण, काम अडलं आहे. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला ज्या कामापायी मागच्या खेपेस नापास झाले, तेच यंदा पुन्हा अंगावर घेतलं आहे. रेडिओच्या लहरींवर, तारेवाचून चालणारी, दगडधोंड्यांवर चढणारी हातभर लांबीची गाडी. लहरींचं जमलं. हातातल्या डबीचं बटण दाबलं की मोटरी फिरतात. सांगाडा तेवढा नाही. गेल्या साली लोखंडी पट्ट्यांचा केला, तर त्याचं वजनच मोटरींना पेलेना. ॲल्युमिनियम हलकं, पण इथला वेल्डिंगवाला त्याला हात लावत नाही. म्हणतो, लाल व्हायच्या आधीच त्याचं पाणी होतं.

तुम्ही जन्मभर बैलगाड्यांचं लोखंडकाम केलंत. कोणता धातू घेऊ, कसा जोडू, तुम्हीच सांगा. पाच फेब्रुवारीला परीक्षक येणार. बाबा, मी थकले आहे. आईला सांगा, यंदाही नाही साधलं तर सुलतानपूरच्या स्थळाला हो म्हणेन आणि यंत्राचं नाव पुन्हा काढणार नाही.

थंडीत भट्टीपुढे बसून खोकला वाढवू नका. लोभ आहेच, तो नापास लेकीवरही असावा.

आपली,
कोकिळा

*

उंद्री, ८ जानेवारी १९७७

चि. कोकिळा हिस पुंजाजीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. खोकला आहे तिथेच आहे, चार घाव घातले की बसावं लागतं. बाकी ठीक.

सांगाडा मीच करतो. दोन्ही बाजू ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या, कडा दुमडून, म्हणजे वाकणार नाहीत. आडव्या पट्ट्या तेवढ्या लोखंडी, जिथे भार पडतो तिथेच. आगीचं काम नाही, सगळं थंड रिवेट ठोकून. रिवेट ढिला झाला तर आवाज देऊन सांगतो, वेल्डिंग न सांगता तडकतं.

आता मुख्य गोष्ट. सांगाडा दोन तुकड्यांत करतो, पुढचा आणि मागचा, आणि मधे एकच बोल्ट, तोही सैल. दोन नट एकमेकांवर आवळायचे, म्हणजे बोल्ट सुटत नाही आणि गच्चही होत नाही. बैलगाडीचं जू आपण दोरीने बांधतो ते काय लोखंड मिळत नाही म्हणून? जू गच्च केलं तर एक बैल खड्ड्यात उतरताच दुसऱ्याची मान पिरगळते. गाडीची चाकं जमिनीला धरून राहायची तर मधे हललं पाहिजे.

तुझी आई म्हणते, पोरीचं वय चाललं अन् तुम्ही तिले गाड्या करून देऊन राह्यले. मी म्हटलं, जावयापेक्षा गाडी बरी, बटण दाबलं की थांबते तरी. तेव्हापासून चहा बंद आहे.

माझ्याने आता एसटीचा प्रवास होत नाही. पेटी चिखलीला फकीर मोहम्मदकडे देईन. तो गॅस वेल्डिंगच्या कामात गुंतलेला असला तरी वेळ काढून एसटीत घालून देईल. तीस वर्षांचा दोस्त आहे, नाही म्हणायचा नाही. जिवाला जप.

*

अमरावती, २४ जानेवारी १९७७

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

पेटी काल मिळाली. सांगाडा हलका आणि देखणा, मोटरी बसवताना मन भरून आलं. पण मधला बोल्ट हलतच नाही! त्याच्याभोवती पितळ वितळवून त्याची झाळ देऊन तो पार बुजवला आहे. विटांच्या ढिगावर गाडी घातली, तर एक चाक हवेत आणि बाकीची जागच्या जागी गरगर. सगळी मुलं हसली.

सैल ठेवा म्हणून तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हीच गच्च करून पाठवलंत. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुमचा हात आता राहिला नाही. तसं होतं तर आधी सांगायचं होतं, मी दुसरीकडे बघितलं असतं. बारा दिवस उरलेत. याहून जास्त लिहवत नाही.

कोकिळा

*

उंद्री, २७ जानेवारी १९७७ (पोस्टकार्ड)

चि. कोकिळा हिस अ. उ. आ.

चूक माझीच. हात राहिला नाही हे खरं आहे. पेटी बंद करताना ध्यानात आलं नाही. आता रडत बसू नको. बारीक दातांचं करवतीचं पान घे आणि दोन पट्ट्यांच्या मधून झाळ काप. आग दाखवू नको, शेजारचा पत्रा वाकडा होईल. जुना बोल्ट जाईल, नवा घाल. पहिला नट बसवताना त्याच्याखाली हेच पोस्टकार्ड सरकव, वरून दुसरा नट आवळ, मग कार्ड ओढून काढ. जेवढी फट राहील तेवढंच हलू द्यायचं. पेटी पोचवली म्हणून फकीरभाईला दोन ओळी आभाराच्या टाक. बाकी काही लिहू नको.

पुंजाजी

*

चिखली, ४ फेब्रुवारी १९७७

कोकिळा बेटीस फकीरकाकाची दुआ. मी सांगून राह्यलो अन् आमची गौसिया लिहून राह्यली.

आभार काऊन मानते? तू काय परकी हायेस? एक गोष्ट सांगतो, पण पुंजाजीले सांगू नको, त्याच्या मनाले लागीन. पेटी एसटीत घालायच्या आधी उघडून पाह्यली, त मधला बोल्ट हालत होता. तीस वर्षांत त्याच्या हातचं सैल काम मी पाह्यलं नव्हतं. वाटलं, खोकल्यानं थकला बिचारा, हात चुकला. सैल काम पोरीच्या परीक्षेले जावं अन् मास्तर लोकांनी माह्या दोस्ताले हसावं, हे मले कसं सोसवीन? घरात पितळेची एकच सळई उरली होती, ते लावली. असं पक्कं केलं का हत्ती उभा राह्यला तरी हालणार नाही.

पास झाली का पेढे पाठवजो. तुह्यावर अल्लाची मेहर राहो.

*

अमरावती, ९ फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

पास झाले. आनंद झाला, पण नाचायला अंगात त्राण नाही. दोन दिवस नुसती झोपून होते.

तुमच्या सांगण्याप्रमाणे झाळ कापली. तीन पानं मोडली, तळहाताला फोड आले, तेव्हा कुठे सुटली. कार्डाएवढीच फट ठेवली. परीक्षकांनी बोल्टाला बोट लावलं आणि हा ढिला का म्हणून विचारलं. मी जुवाचं सांगितलं. त्यांनी डबी माझ्या हातून घेतली. गाडी विटांवर स्वतःच तीनदा चढवली, चारही चाकं टेकलेली. मग वहीत सही केली. सुलतानपूरला काय कळवायचं ते आईने कळवावं, आणि तुमचा चहा चालू करावा.

फकीरकाकांचं पत्र परीक्षेनंतर हाती पडलं. बाबा, तुम्हाला माहीत होतं. मी पितळेची झाळ लिहिलं तेव्हाच तुम्ही ओळखलंत, कारण आपल्याकडे पितळेचं काम कधी होतच नाही. तरी चूक स्वतःवर घेतलीत आणि माझं ते वाक्य निमूट गिळलंत. मला लाज वाटते. माझं ते रागाचं पत्र भट्टीत घाला. तुमचं कार्ड तेलाने माखलं आहे, नटाची गोल खूण त्यावर उमटली आहे. ते मात्र मी टाकणार नाही.

फकीरकाकांना आजच वेगळं पत्र टाकलं. पेढे आधी त्यांच्याकडे पोचवा. त्यांना एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. लिहिलं आहे की काका, तुमचं काम किती पक्कं होतं, ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची,
कोकिळा