फ्लेक्सवरची स्नेहलची जागा

भोर, मंगळवार दुपार

प्रिय स्नेहल,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तू नंबर बदललास आणि नवा मला कळवला नाहीस, त्याबद्दल भांडण भेटल्यावर. पण दर वर्षी सोमनाथची राखी माझ्या स्टुडिओत पाठवतेस, पाकिटामागे तुझा पत्ता असतो, म्हणून हे कुरियरनं पाठवतेय. अक्षर वेडंवाकडं आलंय ते चालवून घे. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. लाइट ये-जा करतेय, आणि समोरच्या बाकावर एक गिऱ्हाईक बसलंय ते सारखं उठतं, दारापर्यंत जातं, एसटी स्टँडकडे बघतं आणि परत येऊन बसतं. त्याच्याकडे न बघता लिहायचा प्रयत्न करते.

आधी बातमी. सोमनाथचं लग्न ठरलं! मुलगी वेल्ह्याकडची, राजनंदिनी. तुझा भाऊ आता मिशी कोरून घेतो आणि आरशासमोरून हलत नाही. उत्रोलीच्या फाट्यावर लावायच्या फ्लेक्सचं काम माझ्याकडे आलंय. आपल्याकडचे फ्लेक्स तुला माहीतच आहेत: वर भैरवनाथ, त्याच्या बाजूला घरातली गेलेली माणसं हार घालून, मध्ये नवरानवरी, आणि खाली निमंत्रकांची ही लांबलचक रांग. त्यात चुलत्याच्या मेव्हण्यालासुद्धा जागा लागते, नाहीतर तो पंगतीत रुसून बसतो.

गेल्या आठवड्यात तुझे अण्णा घरच्यांचा फोटो घेऊन आले. तोच गं, ट्रॅक्टरच्या पूजेचा, ज्यात तू नेहमीप्रमाणे नेमक्या वेळी डोळे मिटलेस. म्हणाले, "हिला काढ यातनं." मी नुसती बघत राहिले तर म्हणाले, "बघतीस काय? आमाला मेली ती." तू स्वरूपशी लग्न करून गेलीस तेव्हापासून त्यांचं हेच चालू आहे, पारावर तेच, डेअरीवर तेच. मला इतका राग आला की हात भराभर चालला. तुझ्या कडेकडेनं कापत तुला वेगळ्या लेयरवर घेतलं आणि मागे पडलेल्या भोकात ट्रॅक्टरच्या चाकाचा तुकडा उचलून भरला. लेयर म्हणजे काचेवर काच ठेवल्यासारखं. प्रत्येकीशेजारी एक बारकासा डोळा असतो, तो बंद केला की त्या काचेवरचं माणूस दिसत नाही, पण असतं तिथंच. मी तुझा डोळा बंद केला. पुसलं नाही. अण्णांना वाटलं काम झालं, ते चहा पिऊन गेले.

काल काकू एकट्या आल्या. पदराआड बोलल्यासारखं बोलत होत्या. "कुटं बी लाव, लई बारीक लाव, पर माज्या लेकीला लाव. त्यांस्नी काय दिसतंय चष्म्याबिगर." आणि बांगड्या भरायला निघून गेल्या. आता ह्यात माझा जीव अडकला. खाली जागा नाही, आणि बापाच्या डोळ्यांत धूळ फेकायची तीही फाट्यावर, दहा फुटी फ्लेक्सवर! तरी मी तुझा डोळा उघडला, तुला लहान केलं आणि फ्लेक्सच्या फाइलमध्ये टाकलं.

इथंच घोटाळा झाला. गेलेल्या माणसांसाठी आम्ही एक तयार साचा ठेवतो: गोल चौकट, वर झेंडूचा हार, खाली समई. त्या साच्यात जो फोटो टाकावा त्याला आपोआप हार चढतो. तुझ्या आजीचं काम करून मी तो साचा उघडाच ठेवला होता, आणि तू सरळ त्यात जाऊन पडलीस. आजीच्या शेजारी, हार घालून, समईच्या उजेडात. मिटलेले डोळे त्यात! आणि मागून खाकरल्याचा आवाज आला. अण्णा लग्नाची तिथी नीट पडलीय का ते बघायला आले होते.

मी गडबडीत भलताच डोळा बंद केला. आजी गायब झाली आणि तू एकटीच राहिलीस वर. अण्णांनी टोपी काढली. मला वाटलं आता स्टुडिओ डोक्यावर घेतात, पण ते पडद्याजवळ वाकले. म्हणाले, "त्यो हार काढ. पयला हार काढ तिचा." हार निघाला तरी ते पडद्याकडेच बघत राहिले. मग खाली बसले आणि म्हणाले, "म्या आसं न्हवतं म्हणलं, रत्ना. म्या आसं न्हवतं म्हणलं." स्नेहल, मला त्या माणसाचा एवढा राग यायचा, पण काल मी त्यांच्याशेजारी बसून रडले. काकू बांगड्या भरून आल्या तर आम्ही दोघंही तसेच.

आता त्यांनी चुलत्याच्या मेव्हण्याला रांगेतून उडवलंय आणि सोमनाथशेजारी तुझ्यासाठी जागा मोकळी करून घेतलीय. तिथं जावई पण पाहिजेत म्हणाले. नाव विचारलं, मी स्वरूप म्हणून सांगितलं. ते दोनतीनदा पुटपुटले. मग विचारलं, "आन ती नाव कसं लावती आता? आडनाव कुटलं?" मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. म्हटलं, तिलाच विचारा. तर म्हणाले, "मला न्हाई जमायचं. तू लिव. म्या बसतो हितं." तर बाई, बाकावरचं ते गिऱ्हाईक म्हणजे तुझे अण्णा. सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेत, भाकरीसुद्धा इथंच खाल्ली, आणि आता पुन्हा विचारतायत, "लिवलं का?" फ्लेक्स मी अडवून धरलाय. तुझं नाव तू जसं लावतेस तसं लिहून पाठव, आणि तुम्हा दोघांचा एक फोटो पाठव. नाहीतर दोघं इथंच या, मीच काढते. फक्त ह्या वेळी डोळे उघडे ठेव.

वाट बघणारी, तुझीच
रत्ना