स्टिअरिंगवर मी होते

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (तूर्त अर्धाच घालते. उरलेल्याचं पत्र संपल्यावर बघू.) तुझी कंबर कशी आहे? वहिनीला माहेरची हवा मानवली ना? इकडे आई ठीक, मी ठीक, आणि डावा दरवाजा सोडला तर तुझी गाडीही ठीक.

काल तू शिट्टीला फोनवर म्हणालास, पुन्हा आमच्या घरात पाऊल टाकू नकोस. तिने मला काही सांगितलं नाही, वहिनीकडून कळलं. माझी शाळेपासूनची मैत्रीण, आज त्याच शाळेत खेळ शिकवणारी बाई, आणि तिला तू हे बोललास. तेव्हा आता माझंही ऐक.

सुट्टीला निघताना किल्ली माझ्या हातात देऊन तू बजावलंस की बॅटरी उतरू नये म्हणून एक दिवसाआड दहा मिनिटं इंजिन चालू करायचं, पण गाडी जागची हलवायची नाही. मी तसंच केलं. भिंतीकडे तोंड करून, पट्टा लावून दहा मिनिटं बसायची. दर सुट्टीत सगळे जातात आणि आईजवळ कोणीतरी राहतं. ते कोणीतरी म्हणजे मी, हे आपल्या घरात कधी ठरलं ते मला आठवत नाही. शिट्टी मात्र दर सुट्टीत रोज चारला येते, आईची नखं कापते, पत्त्यांत तिच्याशी भांडते (दोघी लबाड आहेत). एके दिवशी तिने मला गाडीत पाहिलं आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं. कुठेच नाही, बॅटरीसाठी बसलेय, म्हटलं.

"बावळट," ती म्हणाली, "सुरू तर केलीयस, आता चालव."

शाळेचं मैदान रिकामं, फाटकाची किल्ली तिच्याकडे. मागच्या सीटवर उशा लावून आई. रोज शिकवणी. सहाव्या दिवशी फुटबॉलचा गोलखांब आडवा आला. (खांब उभाच होता, असं शिट्टीचं म्हणणं.) आईने मागून शांतपणे विचारलं, गोल झाला का. मग आम्ही तिघी इतक्या हसलो की आईला पाणी पाजावं लागलं.

मी गाडीतून उतरेपर्यंत शिट्टीने तुला फोन लावून सांगून टाकलं होतं की गाडी तीच चालवत होती. मी शेजारी उभी राहून तिचं बोलणं तेवढं ऐकलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, भावाला भिऊन गप्प. शाळेत माझ्या वाटची शिक्षा तिने दोनदा भोगली, तेव्हाही मी गप्पच होते. तिसऱ्यांदा राहणार नाही. गाडी मी ठोकली, दादा. आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. तिला आजच फोन कर. माफी मागायला जड जात असेल तर नुसतं 'ये' म्हण. ती तेवढ्यावर येईल. मी तेवढ्यावर गप्प बसणार नाही.

ता. क. २. कच्चं लायसन्स मी तू जायच्या महिनाभर आधीच काढून ठेवलं होतं. हे शिट्टीलाही माहीत नव्हतं. सोमवारी पक्क्याची परीक्षा आहे, गाडी तुझीच नेतेय.

ता. क. ३. पुढच्या सुट्टीत आईजवळ तू थांब. आम्ही दोघी जाणार आहोत.