बायकांच्या खोलीतली पेटी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

भालकी, २ फेब्रुवारी १९५२

ती. गुरुबाई अक्कास, धाकटा भाऊ बसलिंगप्पाचा सा. न. वि. वि.

अक्का, मी निवडणुकीत पडलो. एकवीस मतांनी. पण रडगाणं त्याचं न्हाई. काल बिदरला मतमोजणीत तुझ्या गावची पाळी आली. दर उमेदवाराची पेटी वेगळी; गड्यांच्या खोलीतली माझी पेटी जड होती. मग बायकांच्या खोलीतली, माझ्या निशाणीचं, शिडीचं चित्र लावलेली पेटी उघडली. कारकुनानं ती उलटी केली, वरून दोन थापा मारल्या. आत एक चिठ्ठी न्हाई! अगं, सव्वाशे बायका त्या खोलीत जाऊन आल्या आणि त्यात माझी सख्खी अक्का होती.

तुमच्या मठासमोर मी घराघरातल्या कर्त्याला विभूती हातात देऊन मलाच मत द्यायची शपथ घातली होती. तुझे दीर गुरप्पा तर सगळ्यांच्या आधी उठले. मग हे झालंच कसं? निजाम होता तेच बरं म्हणायची पाळी आली. दोनशे वर्षं टिकला. हे बायकांच्या लहरीवरचं राज्य दोन वर्षं टिकायचं न्हाई, लिहून ठेव.

नागपंचमीला तुला न्यायला मी येणार न्हाई. माहेर होतं, असं समज.

लोभ होता. आता आहे का, तुलाच ठाऊक.

बसलिंगप्पा

खटकचिंचोळी, ९ फेब्रुवारी १९५२

चि. बसलिंगप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र पोचलं. पेटी अगदी रिकामी? अरे, मला वाटलं मी एकटीच पापीण! मत टाकून घरी आले आणि दिवसभर जेवले न्हाई. बाकीच्या तुलाच देतील, माझ्या एकीनं काय बिघडतंय, असं मनाला समजावलं. आडावर रोज भेटणाऱ्या सगळ्याच तोंडाला कुलूप लावून बसल्यात, हे आज कळालं.

कामून दिलं न्हाई, सांगते. विभूती भावजींनी उचलली. माझ्या हातावर कुणी ठेवली? आणि एकदा मला निवडा, पुन्हा मताच्या भानगडीत पडायचं कामच न्हाई, मी सगळं बघून घेतो, असं तू म्हणालास. गड्यांनी टाळ्या पिटल्या. मी दाराआडून ऐकत होते. बाबा, निजामसरकारही सगळं बघूनच घेत होतं. निजामाची लढाई आली तेव्हा आम्ही लेकरं घेऊन पाच दिवस तुरीच्या रानात पडून होतो. तुझी भाची तापानं तिथंच गेली, तिथंच तिला पुरली. ती लढाई आम्हाला विचारून सुरू झाली न्हाई. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला नाव विचारलं, बोटाला शाई लावली, आणि माझाच भाऊ म्हणतो हे शेवटचं!

निजाम पडला तेव्हा किती घरं जळाली, मुसलमानांची आणि आपलीही, तू पाहिलंस. तू पडलास त्या दिवशी गावात रोजच्यासारख्या भाकरी झाल्या. पाच वर्षांनी पुन्हा उभा राहा की, कोण नको म्हणतंय? माझं माहेर तू तोडायचं तर तोड. मी तोडणार न्हाई.

हे मीच लिहिलंय, भावजींना यातलं बोलू नकोस.

लोभ माझ्याकडून आहे तसाच.

तुझी अक्का

भालकी, १४ जुलै १९५२

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पाच महिने लिहिलं न्हाई. आधी राग होता. मग भाचीचं पुन्हा पुन्हा वाचलं आणि लिहायला तोंड राहिलं न्हाई. तेव्हा मी दोन दिवसांचं सांत्वन करून गेलो. कशी गेली, कुठं गेली, हे तुला विचारलंसुद्धा न्हाई.

परवा मतांचा कागद पुन्हा काढला. इथं भालकीत, आपल्या मोहल्ल्याच्या बायकांच्या खोलीत, मला मतं पडली तीन. अक्का, आपल्या घरातच मतदार बायका पाच! मी खुळ्यासारखा कागदाकडं बघत बसलो. तुझ्या भावजयीनं, नागम्मानं, जेवायला वाढलं. तिच्या तोंडावरून काही कळालं न्हाई. विचारायची हिंमत झाली न्हाई. भाजी मात्र झकास झाली होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन मी स्वतः येतो म्हणतोय. पण आजवर तुला कधी विचारलं न्हाई, नुसता न्यायला येत गेलो. म्हणून विचारतो. येतीस का? व्हय की न्हाई, उलटटपाली कळव.

लोभ देशील तर घेतो.

बसलिंगप्पा