तोफांची रांग

४ मार्च

आज एकतीस पट्टे मारले. शेत नांगरतात तसा समुद्र नांगरायचा – बोटीमागे केबलला यंत्र बांधून सरळ जायचं, वळायचं, वीस मीटर सोडून परत यायचं. यंत्राला फक्त लोखंड कळतं. सोनं-चांदी त्याच्या लेखी माती. म्हणून आम्ही खजिना शोधत नाही, तोफा शोधतो. तोफा जिथे, जहाज तिथे. सहा वर्षं भागधारकांना हेच सांगतेय. कालच्या सभेत मागून एक जण म्हणाला, "बाई बोलतात झकास. सोनं काढतात कधी?" सगळे हसले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही पैसे घातलेत, आम्ही फुफ्फुसं घातलीत. हसू थांबलं.

परवाना तीस एप्रिलला संपतो. तोवर जहाजाची ओळख पटेल असा पुरावा दिला नाही, तर समुद्राचा हा तुकडा दुसऱ्या कंपनीला. जुन्या नोंदवहीत या जहाजाबद्दल एकच ओळ आहे – निघालं, वादळात सापडलं, ठरल्या बंदरात पोचलं नाही. त्या एका ओळीवर मी राहतं घर गहाण टाकलंय. लोक याहून कमी पुराव्यावर लग्नं करतात.

११ मार्च

यंत्र ओरडलं. धाकटा भाऊ खाली गेला – आमचा मुख्य पाणबुड्या तोच. निघालं वॉशिंग मशीन.

१९ मार्च

तोफ.

खाली हातभरसुद्धा दिसत नाही, सगळं चाचपून. वर आल्यावर धाकट्याचे दात वाजत होते. "ताई, तोंड सापडलं. कोपरापर्यंत हात घातला आत."

वर काढायची नाही. हवा लागली की जुनं लोखंड पापुद्र्यांनी गळतं. मग वर्षानुवर्षं हौदात ठेवा, रसायनं घाला, माणूस नेमा. समुद्रातून काढायची आणि विकतच्या पाण्यात बुडवायची! राहू दे तिथेच.

२८ मार्च

पाच झाल्या. एका सरळ रेषेत, प्रत्येकीत चाळीसेक मीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. रेघेच्या टोकाला, खोल पाण्यात, माझं जहाज आहे.

कप्तानकाकांनी पट्टी घेऊन तोफांमधली अंतरं पुन्हा मोजली. बोट त्यांची, पन्नास वर्षं समुद्रावर. म्हणाले, "पोरी, बुडणारं जहाज एवढ्या शिस्तीत सांडत नाही." मी म्हटलं, काका, तुम्ही इंजिन बघा. ते गेले. बोलायला नको होतं तसं. पण सहा वर्षं ज्याला त्याला मत आहे. मतं देणाऱ्यांतल्या बहुतेकांचे पायसुद्धा ओले झालेले नाहीत. काकांचे झालेत, हे खरं.

९ एप्रिल

भावजय धक्क्यावर आली होती, नवऱ्याचा डबा घेऊन. "वन्सं, तुमचा खजिना तुम्हाला लखलाभ. मला माझा माणूस सगळाच्या सगळा परत हवा." मी तिला ऐकवलं – काठावर बसून जगाचा एकही नकाशा तयार झालेला नाही, जे निघाले त्यांच्यामुळे आपल्याला पृथ्वी माहीत आहे, वगैरे. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "झालं? भाजी गार होतेय."

१६ एप्रिल

तोफेच्या मागच्या अंगाला तिच्या वजनाचा आकडा कोरलेला असतो. जहाजावरच्या तोफांची यादी अभिलेखागारात आहे. आकडा जुळला की परवाना पक्का. सकाळी धाकट्याने शिंपले खरवडून दोन अंक काढले, दोन राहिले. नियमाने आज पुन्हा उतरायचं नाही, रक्तात बुडबुडे धरतात. उद्यापासून दोन आठवडे वारा. मग परवान्याची मुदत.

तो माझ्याकडे बघत राहिला. चारशे माणसांची सभा गप्प करणारी मी. एक शब्द पुरला असता – नको. म्हटला नाही.

चारही अंक घेऊन वर आला. अर्ध्या तासाने खांदा दुखायला लागला. मग म्हणाला, "ताई, हा डावा पाय कुणाचा?"

१७ एप्रिल

दाबाच्या खोलीत ठेवलंय त्याला, बुडबुडे विरावेत म्हणून. खोली कसली, लोखंडी पिंप. ताटाएवढी काच. आतल्या फोनवर पहिलं वाक्य – "आकडा लिहून ठेवलास ना?" भावजय माझ्याशी बोलत नाही. तिचा हक्क आहे.

२५ एप्रिल

आकडा जुळला. अभिलेखागारातल्या बाईंनी दोनदा ताडून पाहिला. परवाना दोन वर्षं वाढला. सभेत टाळ्या झाल्या, मागच्या रांगेतल्या साहेबांनी सुरुवात केली. मी म्हटलं, टाळ्या त्या पायासाठी वाजवा.

डॉक्टर म्हणतात, आता पाण्यात कधीच नाही. उभा राहणार नाही असंही म्हणाले होते. मंगळवारी उभा राहिला. आम्ही माघार घेणाऱ्यांतले नाही. कुणी विचारलं की एवढं मोल द्यायचं कशासाठी, तर माझं उत्तर तयार आहे – रेघेच्या टोकाशी या आणि बघा.

८ मे

अभिलेखागारातल्या बाईंचं पत्र. त्यांनी आपणहून दुसऱ्या एका बंदराची वही चाळली. त्याच वर्षी, वादळानंतर एकोणीस दिवसांनी, आपलं जहाज तिथे लागलं. डोलकाठी मोडलेली, तोफ एकही नाही – वादळात जहाज हलकं करायला एकेक समुद्रात ढकलली होती. माणसं उतरली. पेट्या सगळ्या उतरल्या. खाली माल मिळाल्याची सही.

संध्याकाळी धाकट्याकडे गेले. काठी न घेता खिडकीपर्यंत चालून दाखवलं त्याने. "सहा महिन्यांत उतरतो बघ, ताई. त्या टोकाला पहिला हात माझा."

मी हो म्हटलं.