आप्पांच्या माशांची पुडी

सुरत, १२ सप्टेंबर २०२४

ती. भागीरथीताईंस,
चंचलचा सा. न. वि. वि.

आप्पा सासरे असले तरी स्वतः काही मागत नाहीत, त्यांच्या तोंडाकडे बघत जा, असं तुम्ही माझ्या लग्नात सांगितलं होतंत. वीस वर्षं बघतेय. या आठवड्यात मात्र बघवत नाही. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आमचा फोन कायम स्पीकरवर, आणि लपवायचं तेवढं त्यांना नेमकं ऐकू येतं. म्हणून पत्र.

जुलैत खाडीचं पाणी घरात शिरलं. गाद्या गेल्या, पीठ गेलं. खालच्या फळीवरची आप्पांच्या आफ्रिकन माशांची अंडीही गेली. हे मासे तिकडे पावसाच्या डबक्यांत राहतात. डबकं आटलं की मरतात, अंडी सुक्या चिखलात पुढच्या पावसापर्यंत टिकतात. आप्पा ती नारळाच्या भुशात ठेवतात. कापडाच्या लूमवरचं काम सोडल्यापासून अकरा वर्षं त्यांनी ही जात तुटू दिलेली नाही. यंदाचे मासे वय होऊन मेले. जूनमध्ये पोस्टानं तुमच्याकडे सांभाळायला पाठवलेली पुडी तेवढी उरलीय. अंडी पाण्यात घालायची वेळ झाली, लगेच परत पाठवा. काचेची टाकी धुऊन ते बसलेत.

तुमच्या भावाची बारा तासांची पाळी, माझं साड्यांना खडे लावणं. दमलेय हो.

माया आहे तशी राहू द्या.
चंचल


अमळनेर, २० सप्टेंबर

चि. सौ. चंचलस अनेक आशीर्वाद.

कसं लिहू? पुडीत चिठ्ठी नव्हती. ओलसर, तपकिरी भुसा. आप्पा दरवर्षी तंबाखू पाठवायचे, मला वाटलं तीच. तव्यावर भाजली, मिश्री केली, दात घासले. चव लागेना म्हणून शेजारच्या जयश्रीला दिली. ती म्हणाली, सुरतेला आता तंबाखूतही भेसळ करतात.

हस तू. मला रडू येतंय. आप्पांना पुडी पोस्टात हरवली म्हणून सांग. तुझं ते ऐकतात.

तुझी ताई


सुरत, २ ऑक्टोबर

ती. ताईंस सा. न.

जयश्रीताईंचं वाचून हसले खरी. मग तुम्ही म्हणालात तसं आप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन रोज पोस्टात जातात. तिथल्या बाई बिचाऱ्या त्यांना बसायला खुर्ची देतात आणि सगळ्या पिशव्या पुन्हा बघतात. घरी आले की टाकीतलं पाणी बदलतात. दुकानांतून विचारून आले, ही जात कुठेच नाही.

एकदा खोटं बोलले. रोज नाही जमत, ताई.

तुम्ही या. त्यांच्याजवळ बसून तुम्हीच खरं सांगा. रागावले तर दोघी मिळून ऐकून घेऊ. तुमचे गुडघे, म्हशी, सुनेचं बाळंतपण, सगळं ठाऊक आहे. जमणार नाही असंच तुम्ही लिहाल, हे धरूनच लिहितेय. तरी दोन दिवस या.

चंचल