यंदाचा न वाजलेला बार

ओतूर
रविवार, दुपार

प्रिय भरत,

तुझी तिसरी ई-मेल पोचली. पहिली दोन पानांची होती, दुसरी चार, आणि या तिसरीला तू परिशिष्टं जोडली आहेस. भैरवनाथाच्या यात्रेत आपल्या घरचा बंदुकीचा बार का वाजला नाही, या विषयावर आजवर झालेलं हे सर्वांत विस्तृत लेखन असावं. यापुढे कुणाला या प्रश्नाला हात घालायचा असेल तर आधी तुझ्यावर भाष्य लिहावं लागेल. हवेतला ओलावा, टोपीचा जोर, नळीची लांबी, दारूचा दाणा, सगळं त्यात आहे. आण्णा महिना झाला तुझा फोन का घेत नाहीत, एवढंच नाही. ते मी सांगते, आणि कागदावर सांगते, कारण मी वाडीला आले की माझा मोबाईल आण्णा 'जरा बघू' म्हणून हातात घेतात आणि चष्मा लावून मागचे चार महिने वाचून काढतात. पत्र टाकायलाही मी आळेफाट्याला जाणार आहे. ओतूरच्या पोस्टात सगळे माझे विद्यार्थी आहेत.

सुरुवात तुझ्यापासून झाली, हे तुला मान्य करावं लागेल. जानेवारीत तू आम्हाला व्हिडिओवर तुझं आयडाहोचं तळघर दाखवलंस. शिकारीच्या रायफलीची काडतुसं तू विकत आणत नाहीस, घरी भरतोस, हे आण्णांना तेव्हा कळलं, आणि त्यांची मान जी ताठ झाली ती चैत्रापर्यंत तशीच होती. पितळी पुंगळ्या ओळीनं मांडलेल्या, सोनारानं मागून न्यावा असा तराजू, आणि फळीवर दारूच्या सात बरण्या. साळूआत्या म्हणाली, "मसाल्याचं दुकान टाकलंय व्हय रं?" आण्णांनी विचारलं, "यातली कंची चांगली?" आणि तू तासभर बोललास. आमच्याकडे कुठल्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगायची रीत आहे: हे कुणासाठी, कशाबद्दल, कशाशी जोडलेलं आणि कशाकरता. तू चारही सांगितल्यास. जड गोळीला सावकाश जळणारी, हलकीला झटकन जळणारी. लांब नळीला वेगळी, आखूडला वेगळी. डोंगरातल्या शिकारीला थंडीत जिचा जोर उतरत नाही ती. एकेक बरणी उचलायचास, तिची स्तुती करायचास आणि मग ती का नको ते सांगायचास. ब्रह्माचं वर्णनसुद्धा इतक्या नकारांनी कुणी केलेलं नाही. शेवटी आण्णांनी शांतपणे विचारलं, "मंग यातली कंची चांगली?" तू हसलास. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा तू आणखी हसलास. मीही हसले.

मग तू तक्ता पाठवलास. तो आण्णांनी माझ्याकडून छापून घेतला, ओतूरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये बसवून घेतला आणि बंदुकीच्या परवान्यासोबत पिशवीत घालून पुण्याला दुकानात नेला. दरवर्षीचंच दुकान. मी सोबत होते. दुकानदार भला माणूस. त्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे रायफलवाल्यांचं आहे. तुमची ठासणीची, तोंडातून भरायची. तिला काळी दारू. जाड्या दाण्याची आहे आणि बारीक आहे. कोणती देऊ?" आण्णा म्हणाले, "थांबा, पोराला इचारतो." तेव्हा तुझ्याकडे किती वाजले होते ते तुला आठवत असेलच. तू नळीची लांबी विचारलीस. आण्णांनी हात पसरून दाखवली, फोनवर, व्हिडिओ बंद असताना. मागे तिघं गिऱ्हाइकं खोळंबली. त्यातला एक चाकणचा गृहस्थ तुझ्याशी परस्पर वाद घालू लागला. चाळीस मिनिटांनी 'जाडी' असा निर्णय झाला. गेली त्रेपन्न वर्षं आण्णा जाडीच नेतात, पण या वर्षी ती निवडून आणली होती. आळेफाट्याला एसटीतून उतरताना त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं, "दारू निवडावी लागती, भाऊ. लई अभ्यास हाय त्यात."

साठवण्याबद्दलचे तुझे नियम आम्ही पाळले. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी जागा, वर चिठ्ठी. तू पाठवलेल्या बिस्किटांचे दोन गोल डबे घरात होते. एकात आत्या तिची दाताला लावायची काळी मिसरी ठेवते, दुसरा दारूला दिला. चिठ्ठी मी लिहिली, जोडाक्षरांसकट. आत्याला तो शेजार मुळीच पसंत नव्हता. ती म्हणाली, "माज्या मिसरीला त्याचा वास लागंल." आण्णा म्हणाले, "तुज्या मिसरीचा त्याला लागला तर पालखी शिंकत निघंल." चाळीस वर्षांच्या सहवासानंतर भावाबहिणीचं बोलणं कसं असतं ते मी तुला सांगायला नको. आपलं काय व्हायचं आहे ते दिसतंच आहे.

यात्रेच्या आधीच्या रविवारी कांद्याच्या वावरात बंदुकीची चाचणी घेतली, आणि ती वाजली नाही. नळी आतून ओली निघाली. तू आयडाहोतून दहा मिनिटांत निदान केलंस: आर्द्रता. आमच्याकडे चैत्रात ओठ फुटतात, तरी तुझं निदान सगळ्यांनी मान्य केलं, कारण तू ते टक्क्यांत सांगितलं होतंस. आण्णांनी नळी कोरडी केली, तेल दिलं, तीन दिवस उन्हात कापडावर निजवली. पुढची गोष्ट तुला फक्त कुंडलिकतात्यांनी फिरवलेल्या व्हिडिओतून माहीत आहे, आणि तात्या काही तटस्थ साक्षीदार नव्हेत. बार काढायचा आपल्या घरचा मान त्यांच्या घराकडे जावा म्हणून ते भाऊकीत वीस वर्षं बोलताहेत.

तू अकरा वर्षांत यात्रेला आलेला नाहीस, पण वाडीत शिरस्ता तोच आहे. पालखी सजते, आपल्या घरचा माणूस पाराजवळ उभा राहतो, बंदूक आभाळाकडे करून बार काढतो, आणि तो ऐकल्याशिवाय पालखी जमिनीवरून उठत नाही. गोळी नाही, छर्रा नाही. दारू, वर कागदाचा बोळा, आणि आवाज. पोलीसपाटलांच्या कागदावरही एवढंच लिहिलेलं असतं. तर आण्णा नवा फेटा बांधून उभे राहिले. कमरेच्या पितळी डबीतली दारू मापानं ओतली, बोळा घातला, गजानं ठासली, ठिणगी पाडायची टोपी बसवली. ढोल थांबले. टोपी टिचली, आणि पुढे काही नाही. आण्णांनी दुसरी टोपी लावली. टिच. तिसरी लावली. टिच. तिकडे चार भोई दांड्याखाली खांदे देऊन वाकलेले. बार वाजल्यावर उठायचं हे ठरलेलं आहे. न वाजल्यास पुन्हा सरळ व्हायचं की नाही, याबद्दल परंपरा काही सांगत नाही. त्यातला गोकुळ म्हणाला, "काय ते लवकर ठरवा राव, माजी कंबर ऱ्हायली." आणि त्यावर कुंडलिकतात्या आण्णांना, अगदी काळजीच्या आवाजात: "सयाजीराव, अमेरिकेला फोन लावा. तिकडं वाजलाय का बघा." सगळी वाडी हसली. खोटं कशाला बोलू, देवाचा पुजारीही हसला. मग तात्यांनी खिशातून सुतळी बॉम्ब काढला. त्यांच्या खिशात तो यात्रेच्या दिवशी योगायोगानं होता. तो उडाला आणि पालखी उठली.

आण्णा घरी येऊन जे बोलले ते व्हिडिओत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते पिंपरी पेंढारच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचलं होतं: "पोरानं सांगितलेली दारू. तिकडचं शास्त्र हिकडं चालत न्हाई." तक्ता सध्या आत्यानं पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवला आहे. चांगला बसतो. आत्या स्वतः वेगळ्याच दुःखात आहे. तिच्या डब्यातली मिसरी चार बोटं खाली गेली आहे, आणि या घरात तिच्याशिवाय दात घासणारा कोण निघाला, याचा ती शोध घेते आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडायला लावते.

आता ते, जे तुझ्या परिशिष्टांत नाही. चाचणीच्या दिवशी मी बांधावर बसून वह्या तपासत होते. आण्णांनी माप भरून दारू ओतली, बोळा घातला, ठासली. तेवढ्यात रस्त्यावरून कुंडलिकतात्यांनी हाक मारली, कांद्यावर दोन मिनिटं बोलणं झालं, आणि आण्णा मागे वळले ते पुन्हा माप भरायला लागले. मी म्हटलं, "आण्णा, झालं की मगाशी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थट्टेनंही नाही, अगदी सरळ. "कुठं गं? आत्ता तर आलोय." आणि ओतली. त्या तासाभराच्या व्याख्यानात तू एक निकष सांगितला होतास. तेव्हा मला तो तुझा नेहमीचा काटेकोरपणा वाटला होता: दारू अशी निवडावी की पुंगळी निम्म्याच्या वर भरली पाहिजे, म्हणजे चुकून दोनदा पडली तर उतू जाते आणि डोळ्यांना दिसते. भरत, आण्णांची नळी चार फूट लांब आहे. तिच्यात दोनदा पडलेलं दिसत नाही, तीनदा पडलेलंही नाही, आणि ती नळी आजोबांच्या वेळची आहे. मी त्यांना म्हटलं, आत्या बोलावते आहे. ते घराकडे वळले तसा मी पाण्याचा तांब्या नळीत रिकामा केला. तुझी आर्द्रता ती. मग मी आठवून पाहिलं, तर चहात दोनदा साखर पडणं, मोटार बंद करायला दोनदा जाणं, 'यातली कंची चांगली' हे सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. सांगायला हवं होतं. तुला, त्यांना, कुणाला तरी. पण त्रेपन्न वर्षांच्या मानकऱ्याला यात्रा पाच दिवसांवर असताना 'तुम्ही विसरता' कसं सांगायचं, याचा मंत्र मला कुणी शिकवला नाही, आणि तात्यांच्या कानावर गेलं असतं तर फेटा बांधायच्या आत मान गेला असता. त्यांना बार काढायलाही मिळावा आणि हातही शाबूत राहावा, असं मला हवं होतं. यात्रेच्या सकाळी कमरेची पितळी डबी मी भरून दिली. शेजारच्या डब्यातून. दोन मापं पडोत की चार, मिसरी फुटत नाही. यात्रेहून आल्यावर नळी आणि डबी मीच धुऊन ठेवली. बावीस वर्षं मुलांना सत्य बोलावं म्हणून शिकवते, आणि मी असं लबाडीचं काम इतकं बिनचूक केलं की कुणाला संशयही आला नाही.

चूक एवढीच झाली की खरी दारू मी डब्यात तशीच ठेवली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आण्णांनी तिची चिमूट ओट्यापलीकडे मातीत ठेवून काडी लावली. ती अशी भक्कन पेटली की कोंबड्या उडाल्या. दारू उत्तम आहे, हे त्यांना त्या दिवसापासून माहीत आहे. टपरीवर ते तुला दोष देतात आणि घरी तुझा फोन घेत नाहीत, कारण तुझ्याशी बोलायला लागले तर तू विचारशील, तू नेमके प्रश्न विचारतोस, आणि त्यांना उत्तर येत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता ते मला ओतूरला फोन करतात. आत्या आत गेल्यावर, आवाज खाली करून. "उज्ज्वला, तू व्हतीस ना तिथं? मी दारू घातली व्हती ना गं? का नुसताच बोळा ठासला?" मी सांगते, घातली होती, मी पाहिली. आता मी सांगितलेलं ते लक्षात राहत नसेल, किंवा पटत नसेल. दोन्हींतलं काय, हे मला ठरवायचं नाही. दिवाळीला ये, हे मी तुला दरवर्षी लिहिते आणि तू दरवर्षी नाताळचं तिकीट स्वस्त असल्याचं कळवतोस, पण या वेळी दिवाळीलाच ये. त्यांना पुण्याला डॉक्टरकडे न्यायचं आहे. मी विषय काढला की 'तुला काय होतंय?' म्हणून माझीच नाडी बघतात. बंदुकीचं आणि मानाचं काय करायचं ते तू आलास की तिघं बसून ठरवू. त्याआधी मात्र एक काम कर, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्यांना सांग की तू चुकलास. जाडी दारू सांगितलीस, बारीक सांगायला हवी होती, पेटते पण त्या नळीत उठत नाही, काय वाटेल ते. तुझ्याइतकं पटेल असं चुकीचं सांगणारा आपल्या घराण्यात दुसरा कुणी नाही. तुला जड जाईल, मला माहीत आहे. तिसऱ्या ई-मेलच्या शेवटी तू 'सारांश: माझी निवड निर्दोष होती' असं ठळक अक्षरांत लिहिलं आहेस, आणि ते खरंही आहे. माझ्या फोनवर कुणाचाही आला तरी ते उचलतात, म्हणून यापुढे दर शनिवारी मी वाडीला जाऊन तो त्यांच्या उशाशी विसरून येणार आहे. पत्र पोचलं की पुढच्या शनिवारी त्यावर कर. तुझी सकाळ असेल. इथले सात वाजायच्या आत कर.

तुझीच, आणि यापुढे कधीही तुझ्या दारूची थट्टा न करणारी,
ताई